वहीच्या शेवटच्या पानावरचं ३८१६५४७२९

प्रश्न : काकू, आमचे सासरे इंदूरच्या क्लॉथ मार्केटात मुनीम होते. त्यांच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर ३८१६५४७२९ एवढंच लिहिलंय आणि प्रत्येक अंकाखाली एक बारीक टिंब आहे. ना रक्कम, ना कुणाचं नाव. हे काय असेल?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझ्या मते ती टिंबं म्हणजे भागाकार तपासल्याच्या खुणा. डावीकडून एकेक अंक वाढवत चला. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, असं करत पूर्ण संख्येला ९ ने. पुढे शून्य मांडलंत तर १० नेही! १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून हे साधणारी ही एकमेव संख्या आहे.

एकमेव कशी, ते वर्गात मुलांबरोबर शोधताना मला दर वर्षी तितकाच आनंद व्हायचा. पाचव्या जागी ५ च हवा. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची, म्हणजे उरलेल्या जागी विषम. तिसरा अंक विषम असल्यामुळे ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो. ८ च्या कसोटीमुळे आठव्याचंही तेच. मग ४ आणि ८ राहतात दुसऱ्या नि सहाव्या जागेसाठी. ३ आणि ६ ची कसोटी लावली की मधले तीन अंक २५८ किंवा ६५४, तिसरा पर्यायच नाही. मग सातव्या अंकालाही ८ ची कसोटी लावली की लाखो मांडण्यांमधून फक्त दहा उरतात. कागदाच्या चिठ्ठ्या करून मुलं त्या फळ्यावर चिकटवायची.

आणि मग येतो ७. त्याची ३ किंवा ९ सारखी सोपी कसोटी नाही, सरळ भागाकारच करावा लागतो. दहापैकी नऊ चिठ्ठ्या गळतात, ३८१६५४७ तेवढी टिकते. भागाकार ५४५२२१.

९ चं टिंब मात्र आपोआप पडतं. १ ते ९ ची बेरीज ४५, अंक कसेही फिरवा, भाग जाणारच. नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज करून हिशेब पडताळणं, हातात बसलेल्या मुनीमांना हे कुणी सांगायला नको.

अंक पुन्हा वापरायची आणि शून्य घ्यायचीही मुभा दिली तर हा खेळ २५ अंकांपर्यंत जातो : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. त्यापुढे २६ ने भाग जाईल असा एकही अंक लागत नाही, तिथे वाट संपते.

वहीची बाकीची पानंही चाळा. कुठे ७ च्या भागाकारांचे कच्चे हिशेब सापडले तर मला नक्की कळवा. गळलेल्या नऊपैकी १८३६५४७ किंवा ९८७६५४३ दिसले, तर समजा त्यांनी हे स्वतःच शोधलं होतं.