सह्याद्रीचं जंगल उपग्रहातून मोजायचंय? आधी एवढं करा

सह्याद्रीच्या जंगलावर माणसाचा किती परिणाम झाला ते उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजायची तुमची कल्पना छान आहे, नक्की करा. फक्त अख्खा पश्चिम घाट एकदम हाती घेऊ नका. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गसारखा, स्वतः पायी फिरता येईल असा एक पट्टा निवडा.

सुरुवातीला मोडिसचा (नासाच्या उपग्रहांवरचा कॅमेरा) एनडीव्हीआय, म्हणजे जमीन किती हिरवी आहे ते सांगणारा आकडा, पुरे: 250 मीटरचा पिक्सेल (प्रतिमेतला एक चौकोन), दर 16 दिवसांनी एक प्रतिमा, 2000 सालापासूनची नोंद, तीही फुकट. जंगल किती वाढतं याचा हिशेब मांडणारी उत्पादकतेची मॉडेलं सध्या बाजूला ठेवा.

नवीन माणूस हमखास इथे चुकतो:

- पावसाळ्यात आकडा घसरतो तो बहुधा ढगांमुळे, कुऱ्हाडीमुळे नव्हे. ढगाळ पिक्सेल आधी गाळा.
- पानझडी जंगल मार्चमध्ये उघडं पडणारच. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा.
- हिरवं दिसलं म्हणजे जंगल, असं धरू नका. सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. रान तोडून रबर किंवा काजू लावला, तर काही वर्षांत आकडा पुन्हा वर येतो आणि आपण म्हणतो, काहीच बिघडलं नाही! म्हणून लँडसॅट या उपग्रहांच्या जुन्या प्रतिमा शेजारी ठेवून तिथे आधी काय होतं ते बघाच.

माणसाचा परिणाम वेगळा काढायला तुलनेसाठी तितक्याच पावसाचं, त्याच उंचीवरचं राखलेलं जंगल हवं. देवराई घ्यायचा मोह होईल, पण मोडिसचा एक पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा असतो. बऱ्याच देवराया त्याहून लहान. तिथे सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा 10 मीटरचा पिक्सेल वापरा.

येत्या जानेवारीत जीपीएस घेऊन वीसेक पिक्सेल पायी तपासून या. मग पुढचं बोलू.