ईसीजीवरून धोका ओळखण्याचे काम आणि त्यासाठीची तयारी

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीने ईसीजीतील ठोक्यांचे प्रकार ओळखणारा प्रोग्राम प्रकल्पासाठी तयार केला आणि त्याची अचूकता ९८ टक्के आली. मग तिने तो वडिलांच्या, म्हणजे आपल्याच, चोवीस तासांच्या होल्टर नोंदीवर (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने सलग घेतलेल्या ईसीजीवर) चालवून पाहिला. त्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, म्हणजे जवनिकांमधून, उठलेले बरेच अकाली ठोके सापडले, तिने आपल्याला ‘जास्त धोक्याचे रुग्ण’ ठरवले आणि तेव्हापासून घरात कोणाला धड झोप नाही, असे आपण लिहिता. दोन वर्षांपूर्वी आपल्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यामुळे ही काळजी समजण्यासारखी आहे. तिला आता याच विषयात पुढे जायचे आहे. हे क्षेत्र टिकाऊ आहे का, वैद्यकीय पदवी नसल्यामुळे ती कायम दुय्यम राहील का, आणि ईसीजी यंत्रच वाचू लागल्यावर माणसाला काम उरेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे आपल्या प्रकृतीविषयी मत देणार नाही. ती होल्टर नोंद आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावी, आणि चक्कर, शुद्ध हरपणे किंवा छातीत धडधड असे काही होत असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नये, एवढेच सांगतो. मात्र मुलीच्या हातून जे झाले त्यातच तिच्या भावी कामाचा सगळा पेच दडलेला असल्यामुळे त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

अशा प्रकल्पांसाठी विद्यार्थी बहुधा एमआयटी-बीआयएच नावाचा नोंदसंच वापरतात आणि आपल्या वर्णनावरून तिनेही तोच वापरलेला दिसतो. १९८० पासून उपलब्ध असलेल्या या संचात ४७ व्यक्तींच्या, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या, ४८ नोंदी आहेत आणि त्यांतील प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली आहे. ठोका ओळखायला शिकवण्यासाठी हा संच उत्तमच आहे. परंतु त्या ४७ जणांचे पुढे काय झाले, म्हणजे कोण किती वर्षे जगले आणि कोणाला पुन्हा झटका आला, याची माहिती त्यात नाही. म्हणजे तिच्या प्रोग्रामने ‘हा ठोका अकाली आहे’ एवढेच शिकलेले आहे. ‘या माणसाला धोका आहे’ हे वाक्य यंत्राचे नसून तिचे स्वतःचे आहे. निदान आणि भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रात येणारे बहुतेक नवशिके पहिली ठेच इथेच खातात.

अर्थात तिचा तर्क अगदीच निराधार नव्हता. झटक्यानंतर ज्यांच्या नोंदीत असे ठोके जास्त आढळतात त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त असते, हे १९८०च्या दशकातच माहीत झाले होते. त्यावरून मोठमोठ्या डॉक्टरांनीही एक सरळ वाटणारा निष्कर्ष काढला की, हे ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील. कास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत झटका येऊन गेलेल्या, आणि ज्यांचे अकाली ठोके औषधाने कमी होतात हे आधी तपासून घेतले होते अशा, रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले गेले. एकाला एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोके दाबणारी औषधे दिली आणि दुसऱ्याला औषध नसलेली, दिसायला सारखीच गोळी दिली. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ आणि साधी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ जण दगावले होते. ईसीजी सुधारला होता आणि माणसे मात्र अधिक मरत होती. खूण धोक्याची सोबती असू शकते, पण म्हणून ती धोक्याचे कारण असतेच असे नाही. माझ्या मते या विषयात पाऊल टाकणाऱ्याने कोणतीही संगणकीय भाषा शिकण्याआधी ही चाचणी मुळातून वाचावी.

याच्या उलट, ईसीजीच्या आलेखातील क्यूआरएस या भागाची रुंदी घ्या. विजेची लहर जवनिकांमध्ये पसरायला किती वेळ लागतो हे ती सांगते आणि निरोगी हृदयात हा वेळ साधारणपणे १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी असतो. हृदयाची पंपशक्ती घटलेल्या रुग्णात ही रुंदी वाढली तर तो वाईट संकेत मानला जातो. पण ही खूण मोलाची ठरली ती केवळ भाकितामुळे नव्हे. डाव्या जवनिकेकडे लहर नेणारी विद्युतवाहिनी अडलेली आणि रुंदी १५० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असलेल्या अशा रुग्णांना दोन्ही जवनिका एकाच वेळी चालवणारा विशिष्ट पेसमेकर बसवल्यास फायदा होतो, हे चाचण्यांतून सिद्ध झाले. क्यूटी या अंतराचेही, म्हणजे जवनिकांमध्ये लहर सुरू झाल्यापासून त्या पुन्हा पूर्वस्थितीत येईपर्यंतच्या वेळेचेही, तसेच आहे. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले हे अंतर ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की डॉक्टर ते लांबवणारी औषधे बंद करण्याचा किंवा बदलण्याचा विचार करतात. दोन ठोक्यांमधील अंतराच्या चढउताराची गोष्ट मात्र निराळी आहे. झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या १९८७ मधील अभ्यासात ज्यांच्यात हा चढउतार फारच कमी होता त्यांना मृत्यूचा धोका सुमारे पाचपट आढळला, आणि तरीही केवळ त्या आकड्यावरून रुग्णाचे उपचार बदलावेत अशी स्थिती अजून आलेली नाही. भाकीत करणाऱ्या खुणा पुष्कळ सापडतात. त्या जाणून घेतल्याने रुग्णाचे काही भले होते असे दाखवता येणाऱ्या थोड्याच असतात.

त्यात अंकगणिताचाही एक सापळा आहे. समजा, एक हजार रुग्णांपैकी वर्षभरात २० जणांना गंभीर त्रास होणार आहे आणि एखादी खूण, त्रास होणाऱ्यांपैकी ९० टक्के व न होणाऱ्यांपैकीही ९० टक्के, बरोबर ओळखते. मग ती २० पैकी १८ जणांना पकडेल, पण उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांनाही विनाकारण धोक्याच्या यादीत टाकेल. यादीतील ११६ जणांपैकी खरोखर धोका असलेले १८च. बाकीच्यांच्या घरी तुमच्यासारखीच झोप उडालेली असेल.

आता आपल्या प्रश्नांकडे येतो. क्षेत्र टिकाऊ आहे का, हा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटतो. डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांना ईसीजीच्या शोधासाठी १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि शंभर वर्षांनंतरही ही स्वस्त, वेदनारहित, काही सेकंदांची तपासणी कोणी बाजूला सारलेली नाही.

यंत्राबद्दल सांगायचे तर, ईसीजीच्या कागदावर यंत्राने स्वतःच छापलेले निदान डॉक्टर कित्येक दशके पाहत आले आहेत आणि त्यावर सही करण्यापूर्वी आलेख स्वतः वाचत आले आहेत. अलीकडची प्रगती अर्थातच मोठी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये केवळ ईसीजीवरून हृदयाची घटलेली पंपशक्ती ओळखणारी प्रणाली प्रसिद्ध केली. परंतु त्यांचे मला अधिक महत्त्वाचे वाटणारे काम २०२१ चे आहे. त्यात २२,६४१ रुग्णांना पाहणाऱ्या डॉक्टरांचे दोन गट करून प्रणालीचा इशारा मिळाल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो हे तपासले गेले, आणि तीन महिन्यांत घटलेल्या पंपशक्तीचे नव्याने निदान होणाऱ्यांचे प्रमाण इशारा न मिळालेल्या गटात १.६ टक्के, तर मिळालेल्या गटात २.१ टक्के आढळले. प्रणाली बांधणारे हात पुढे पुष्कळ होतील. तिची अशी परीक्षा घेऊ शकणारी माणसे तेवढी सहज मिळणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

म्हणूनच वैद्यकीय पदवीबाबत मी असे म्हणेन की, रुग्णावर उपचाराचा निर्णय तिला कधीच घेता येणार नाही आणि तसा हट्ट असेल तर वैद्यकशास्त्राची दीर्घ वाट नव्याने धरण्याला पर्याय नाही. तसा हट्ट नसेल तर तिने मशीन लर्निंगचा आणखी एक अभ्यासक्रम करण्याऐवजी जैवसंख्याशास्त्र (बायोस्टॅटिस्टिक्स) किंवा रोगपरिस्थितिविज्ञान (एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास) यात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सिग्नल हाताळण्याचे कौशल्य तिच्याकडे आहेच. रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा कसा करायचा, मधेच गळालेल्यांचा हिशेब कसा ठेवायचा, एका रुग्णालयातील निष्कर्ष दुसरीकडे टिकतो का हे कसे तपासायचे, हे तिला शिकावे लागेल. हे जाणणारा संख्याशास्त्रज्ञ संशोधन गटात दुय्यम नसतो. उलट, चाचणीची आखणी त्याला विचारल्याशिवाय होत नाही. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत आणि त्यांना परवानगी देणाऱ्या यंत्रणांतही अशा माणसांची गरज असते.

तिला लगेच करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. तिने त्या संचातील ठोके सरसकट मिसळून शिकवणीसाठी आणि परीक्षेसाठी वाटले असतील, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले असणार आणि ९८ टक्क्यांचा बराचसा भाग त्या माणसांच्या आधीच्या ओळखीमुळे आलेला असणार. शिकवणीतील माणसे वेगळी आणि परीक्षेतील वेगळी ठेवून तिने प्रयोग पुन्हा करावा. अचूकता बहुधा घसरेल. तो घसरलेला आकडा आणि त्याचे कारण तिने अहवालात तसेच लिहावे, कारण पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत जाणकार परीक्षक नेमके त्याबद्दलच विचारतात.

दुसरे, आपल्या पुढच्या तपासणीला तिला सोबत न्यावे. तिच्या प्रोग्रामचा निकाल नव्हे, तर होल्टरचा मूळ अहवाल डॉक्टरांसमोर ठेवावा, आणि ‘या ठोक्यांमुळे बाबांच्या उपचारात काही बदलते का, आणि ते ठरवताना आपण आणखी काय पाहता?’ एवढे तिने स्वतः विचारावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक