युद्धात माणूस मारलेला सैनिक पुढे साधे आयुष्य जगू शकतो का?

युद्धात माणसे मारून परतलेला सैनिक साधे आयुष्य जगू शकतो का आणि समाजावर त्याचा काय परिणाम होतो, असे आपण विचारले आहे. जगू शकतो, माझे वडील, अण्णा, युद्धानंतर पस्तीस वर्षे तसे जगले. पण समाज त्या सैनिकाचे काय करतो, हे आधी विचारायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरहून ढाक्याकडे निसटू पाहणारी ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण त्यांच्या मोर्च्यांसमोर आली आणि तिची दोनशेहून अधिक माणसे तिथे पडली. आपली गोळी कुणाला लागली हे अंधारात कळत नाही, आणि ते न कळणे हाच मोठा आधार असतो. उजाडल्यावर तो आधार गेला. मृतांना पुरताना अण्णांना एका जवानाचा हाताने विणलेला स्वेटर दिसला. कोपराशी निराळ्या रंगाच्या लोकरीने रफू केलेले होते. हे त्यांनी एकदाच, आई माझा स्वेटर रफू करीत बसली असताना सांगितले. त्यानंतर आमच्या घरचा फाटका स्वेटर सरळ बोहारणीकडे जाई.

१९९६ च्या विजय दिवशी, लढाईला २५ वर्षे झाली म्हणून, गावच्या शाळेत अण्णांचा सत्कार झाला. थोरल्या चुलत्यांनी माईकवरून सांगितले, "किती लोळवले, तो आकडा पोरांना सांग." अण्णा शाल खुर्चीवर ठेवून घरी आले आणि रात्रभर गोठ्यात बसून राहिले. झोपेतून दचकून उठणे, जत्रेत बोकड कापताना निघून जाणे, या साऱ्याला भावकीने कधीच बाहेरची बाधा ठरवून देवऋषीही आणून झाला होता. चुलते शेवटपर्यंत म्हणत राहिले की अण्णांनी सत्काराचा अपमान केला, पराक्रम सांगितला असता तर आणखी दहा पोरे भरतीला गेली असती. मी तेव्हा गप्प बसलो, याची मला आजही खंत आहे.

माणसाच्या आकाराच्या निशाण्यावर गोळ्या झाडून आणि पुतळ्यात संगीन खुपसून मारण्याचा सराव हातात भिनवला जातो; तो उतरवण्याचा सराव कुणी देत नाही. वर आपण आकडा विचारतो.

दुसऱ्या महायुद्धात जेमतेम चतुर्थांश सैनिकच शत्रूवर गोळ्या झाडत, हा अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांचा दावा, माणूस मुळात मारायला कचरतो हे दाखवायला, हमखास पुढे येतो. पण त्याच्या पुराव्यावर पुढच्या संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. शिवाय अण्णांच्याच तुकडीतले काही जण पुढे शांत झोपत, आणि ते निर्दय नव्हते.

भरतीचे म्हणाल, तर त्या सत्काराला समोर बसलेला चुलत्यांचा धाकटा मुलगा आकडा न ऐकताच फौजेत गेला. रजेवर आला की तो आधी आमच्या गोठ्यात अण्णांपाशी येऊन बसे, आणि दोघे वैरणीबद्दल बोलत.