दरडींनंतर सावित्रीतले गोटे बारीक कसे झाले?

प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं आठवलं, म्हणून जरा लांब लिहितोय. तुम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाला सावित्रीच्या पात्रात २०२१ च्या पावसाळ्याआधी आणि नंतर गोटे मोजले. एवढ्या पुरानंतर डी-५० (म्हणजे निम्मे गोटे ज्याहून बारीक, तो मधला आकार) वाढायला हवा होता, तो उलट बराच उतरला, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणतात की मोजणी चुकली. तसं असेलच असं नाही.

२२-२३ जुलै २०२१ च्या नोंदीत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिमी पाऊस आहे. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. मोठा पूर मोठे दगड हलवतो हे खरंच. पण पात्रात शेवटी काय उरतं, हे पुराच्या जोराइतकंच डोंगरावरून आलेल्या मालावर ठरतं. आपल्याकडच्या उथळ दरडी सहसा ताजा कातळ फोडत नाहीत. कातळावरची माती, मुरूम आणि कुजलेला दगड घेऊन उतरतात. इतका बारीक माल एकदम आला की गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि वरचा थर बारीक होतो. पुढे पुरवठा आटला की नंतरच्या पावसाळ्यांतले मध्यम पूर बारीक माल धुऊन नेतात आणि जाड गोट्यांचं चिलखत पुन्हा तयार होतं.

म्हणून फक्त वरचा थर मोजून भागत नाही. वरचा थर सर्वांत मोठ्या गोट्याच्या जाडीइतका उचला आणि खालचा माल वेगळा चाळा. शांत वर्षांत वरचा डी-५० खालच्याच्या साधारण दीड ते तीनपट असतो. तो जवळजवळ सारखा आला, तर नदीवर मालाचा भडिमार झालाय असं समजा. मात्र चाळणीसाठी नमुना भरपूर हवा: सर्वांत मोठा गोटा एकूण वजनाच्या १ टक्क्याहून जड नको. १२८ मिमीचा बेसाल्टचा गोटा ३ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ३०० किलो माल. दोन पोती चाळून काढलेला आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

आता ती चूक, जिच्यापायी आमची दोन हंगामांची मोजणी बाद झाली: यंत्रांनी ढवळलेल्या पात्रात मोजणं. २०२१ च्या महापुरानंतर महाड परिसरात सावित्रीतला गाळ उपसला गेला. वरच्या पट्ट्यांतही पूल-रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी जेसीबी पात्रात उतरतात. बादली चिलखत फोडते आणि खालचा बारीक माल वर येतो. परिणाम अगदी दरडीसारखाच दिसतो, चाळणीच्या आकड्यांत फरक कळत नाही. संबंधित कार्यालयाकडे माहिती मागितली, तर मिळाला तालुक्याचा एकूण ब्रासचा आकडा. कुठून काढला, कधी काढला, पसरून कुठे टाकला, काहीच नाही. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाची जागा आणि तारीखही नोंदलेली नसावी, याची चीड आजही जात नाही. नदीचा अभ्यास सोडा, पुढचा पूर कुठे चढेल हेही त्या नोंदीशिवाय सांगता येत नाही.

तेव्हा माहिती अधिकारात अर्ज करताना 'किती गाळ' असं विचारूच नका. गट क्रमांक, कामाच्या तारखा, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि वाहतूक परवाने मागा. जागेवर मात्र नजरच उपयोगी. नैसर्गिक थरात चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले असतात, प्रवाहाच्या वरच्या बाजूला कललेले. ढवळलेल्या जागी ही मांडणी मोडते, ताज्या फुटलेल्या कडा दिसतात, काठ सरळ कापलेला असतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांत पिक्सेल १० मीटरचा असल्याने गोटे दिसत नाहीत, पण मोठ्या उपशाचा महिना बऱ्याचदा सापडतो.

उरलेलं थोडक्यात. पात्रात पावलं टाकत एकेक गोटा उचलून मोजताना १०० गोट्यांवर दोन वर्षांची तुलना करू नका, ४०० घ्या. पावलांमधलं अंतर सर्वांत मोठ्या गोट्याहून जास्त ठेवा आणि नजर बाजूला करून बोटाला पहिला लागेल तोच उचला; बघून उचलला की हात मोठ्याकडेच जातो. जांभा आणि काळा दगड वेगळे नोंदवा, कारण जांभ्याचे तुकडे वाहताना लवकर झिजतात. गोलाईवरून 'लांबून वाहत आलाय' असं तर लिहूच नका. आपला बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी कुजतो, आतला गाभा डोंगरातच गोल झालेला असतो.

मार्गदर्शकांसाठी एक ढोबळ हिशेब: खोली २ मीटर, उतार १०० मीटरला १ मीटर, तर कागदावर सुमारे २३ सेंमीचा गोटा हलू शकतो. तीव्र उताराच्या ओढ्यांत मोठे धोंडे बराच जोर खातात, म्हणून ही वरची मर्यादा धरा. दगड हलला म्हणजे थर जाड झाला, असा अर्थ होत नाही.

हे सगळं बेसाल्टच्या सह्याद्रीपुरतं. हिमालयात खोल दरडी कातळाचे प्रचंड ठोकळे आणतात, तिथे चित्र उलटंही दिसू शकतं. तुलनेसाठी वाशिष्ठी नदी घेणार असाल तर पोफळीच्या खालचा भाग टाळा, तिथे कोयनेच्या वीजगृहांचं अवजल (वीज काढून सोडलेलं पाणी) मिसळतं.

नुसता डी-५० न देता आकारवार पूर्ण कोष्टक आणि दोन्ही वेळच्या जागांचे फोटो इथे टाका. ८ मिमीखालचा वाटा आणि कौलांची मांडणी पाहिल्याशिवाय दरड की जेसीबी, हे मी सांगणार नाही.