वडील तीस वर्षं बिडी ओढतात, आता सोडून काही उपयोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील पन्नाशीला आलेत, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातलं गाव, विशीपासून बिडी. "सिगारेट थोडीच ओढतोय, बिडीच तर आहे, आणि आता सोडून काय मिळणार?" असं ते म्हणतात. शिवाय तुम्ही विचारलंय, तंबाखूवर जगणाऱ्या आपल्या भागात तंबाखूविरोधी कायद्यांना काही अर्थ आहे का.

आधी वडिलांचं बोलू. उपयोग आहे, आणि तो वर्षांत मोजता येतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांकडूनच त्यांच्या धूम्रपानाची माहिती घेतली आणि पुढं ५० वर्षं त्या डॉक्टरांची नोंद ठेवली गेली. २००४ मध्ये आलेला निकाल असा: सिगारेट न सोडणारा माणूस सरासरी दहा वर्षं लवकर जातो. तिसाव्या वर्षी सोडली तर ही दहाही वर्षं जवळजवळ पूर्ण वाचतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. तुमचे वडील नेमके पन्नाशीत आहेत. पुढची दिवाळी बघू म्हणत बसलं की यातलंच थोडं थोडं हातचं जातं.

"ते सिगारेटचं झालं" असं ते म्हणतील. आपल्याच देशाचा अभ्यास आहे. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या सुमारे ११ लाख घरांतल्या मृत्यूंची चौकशी करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि बाईचं आठ वर्षांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. बिडीत तंबाखू सिगारेटच्या जेमतेम पावपट असते, तरी ही गत. वडिलांच्या हातातली बिडी एकदा नीट बघा. दोन घटका बोलत बसले की विझते. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती जिवंत ठेवायला पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. धूर खोल जातो. तंबाखू कमी म्हणून बिडी हलकी, हा समज इथंच फसतो.

आपल्याकडं टीबीचं भय घराघरात आहे, म्हणून आणखी एक सांगतो. तामिळनाडूतला २००३ चा अभ्यास आहे. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत टीबीनं मरण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघालं.

मी निपाणीजवळच्या खेड्यातला. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. संध्याकाळी ती उंबऱ्याबाहेरच पदर झटकायची, आणि तो तंबाखूचा खकाणा उडाला की ओसरीवरची आम्ही पोरं शिंकून हैराण व्हायचो. रात्री भाकरी थापताना तिच्या हातांना तोच उग्र वास. वखारमालकानं तिला तोंडाला बांधायला एक फडकं कधी दिलं नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतात आणि कानावर बिडी. म्हणून तंबाखूवाल्यांना खलनायक ठरवणारं बोलणं माझ्यानं ऐकवत नाही. १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं इथल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला तो तंबाखूच्या पानाला भाव मागायला, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ जण गेले. ती माणसं कुणाला आजारी पाडायला बसली नव्हती.

पण याच कष्टकऱ्यांचं नाव पुढं करून बिडी आजवर स्वस्त ठेवली गेली, याचा मला राग आहे. धूम्रपान कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे किंमत वाढवणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. कारण काय, तर ही गरिबाची वस्तू. गरिबाची आहे म्हणूनच तिचं औषधपाणीही गरिबाच्याच घरातून होतं. बिडी वळणाऱ्या बायांची मजुरी वाढवा, तंबाखू सोडून ऊस-सोयाबीनकडं वळणाऱ्याला हात द्या. भारतानं २००४ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात उत्पादकांना दुसरा पर्याय द्यायचं कलमच आहे. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

बाकी कायद्यांचं थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी २००४ पासून आहे, २००८ मध्ये तिचे नियम कडक झाले, आणि एसटी-बसमध्ये धूर बंद झालेला माझ्या डोळ्यांदेखतचा आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचं चित्र २०१६ पासून आहे, पण सुटी बिडी घेणाऱ्याला ते दिसतच नाही. आपल्या कर्नाटकानं २०२५ मध्ये विक्रीचं वय २१ केलं आणि सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड २०० वरून १००० रुपयांपर्यंत नेला. हे नव्या पोरांसाठी चांगलं आहे. तुमच्या वडिलांची बिडी मात्र दंडानं सुटणार नाही.

ती कशी सुटेल? "कमी करतो" यावर समाधान मानू नका. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, असं संशोधनात दिसलंय. एक तारीख ठरवून पूर्ण बंद करू द्या. १८००-११-२३५६ हा फुकट मदतीचा सरकारी नंबर आहे, फोन तुम्ही लावून द्या. निकोटिनच्या गोळ्या-गमबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि बिडीच्या जागी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट येणार नाही हे बघा, आमच्या गल्लीत दोघांचं तसंच झालं.

पहिले आठ-दहा दिवस वाईट असतात. आप्पांनी ५६ व्या वर्षी सोडली तेव्हा ते आईवर विनाकारण ओरडायचे, आणि आई उत्तर द्यायची नाही. आज ते ७१ चे आहेत. चढावर दम लागतो, तो काही गेला नाही, पण रात्रीचा खोकला महिन्याभरात उतरला. सगळ्यात अवघड वेळ होती सकाळच्या चहानंतरची, कारण तीस वर्षं कपाबरोबर बिडी होती. म्हणून पहिला महिनाभर त्यांनी चहाच घेतला नाही. आई तांब्याभर ताक करून ठेवायची, ते पिऊन आप्पा थेट गोठ्याकडं निघायचे.