दुपारी दुकान बंद असताना वाचलेल्या चार कादंबऱ्या

अलीकडे कोणत्या कादंबऱ्या वाचल्या आणि कशा वाटल्या, असं तुम्ही विचारलंय. गोव्यातल्या डिचोलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी एकला शटर ओढलं की साडेतीनपर्यंतचा वेळ माझा. गेलं वर्षभर तो कादंबऱ्यांत गेला, म्हणून सांगतो.

मनातून उतरत नाही ती पुंडलीक नाईकांची कोंकणी 'अच्छेव'. 1977 सालची. शेतीवर जगणारं पंढरी आणि रुक्मिणीचं घर खाणीच्या मजुरीकडे वळतं, हातात रोकड खेळू लागते आणि घर आतून पोखरत जातं. हे मी परका म्हणून वाचूच शकलो नाही. आमची चूल खाणीवरच पेटायची. मामाचे दोन ट्रक खनिज वाहायचे. आई तुळशीला पाणी घालण्याआधी पानांवरची तांबडी धूळ बोटांनी पुसायची. दोरीवर वाळत घातलेला शाळेचा पांढरा शर्ट संध्याकाळी गुलाबी झालेला असायचा. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून उपसून रचलेल्या ढिगाची, माती वाहून खालच्या शेतात बसायची आणि त्या वर्षी तिथे भाताची काडीही उभी राहायची नाही. पुढे 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मामाचे ट्रक अंगणात उभे राहिले, चाकांभोवती गवत वाढलं, बँकेचे हप्ते मात्र चालूच. त्यामुळे पुस्तक वाचताना शेत गेलेल्याचंही दुखत होतं आणि ट्रकवाल्याचंही. एकच खटकलं: शेवटाकडे संकटं फार भराभर कोसळतात, रुक्मिणीजवळ अजून थोडं थांबायला हवं होतं. पण भाषा! अंत्रुजकडची, म्हणजे फोंडा भागातली, ती बोली मी बंद दुकानात मोठ्याने वाचून काढली.

महाबळेश्वर सैल यांची 'हावठण' कुंभारांची आहे. हावठण म्हणजे मडकी भाजायची भट्टी. हिला 2016 चा सरस्वती सन्मान मिळाला, पण मी ती घेतली आमच्या डिचोलीतही कुंभारांची चाकं फिरायची म्हणून. लहानपणी आजीबरोबर कुंभाराकडे जायचो. ती प्रत्येक मडकं कानाजवळ धरून बोटाने टकटक वाजवायची. खणखणीत वाजलं तरच घ्यायची, बद्द वाजलं की परत. माती, आग, हातांची मेहनत आणि ती जपणारी माणसं कशी मागे पडत जातात, हे सैलांनी फार मायेने लिहिलंय. शेवटचं पान संपवून मी शटर उघडलं, तेव्हा समोरच्या फळीवर प्लास्टिकच्या कळशा होत्या. त्या मीच मांडलेल्या. बराच वेळ तसाच उभा राहिलो.

दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' दोन दुपारींत संपली. मुलीच्या भविष्यासाठी कुवेतला आया म्हणून जाणारी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची बाई. गल्फमधून आलेल्या पैशांवर उभी राहिलेली घरं गोव्यात पावलोपावली दिसतात, पण त्या पैशांपायी एखाद्या बाईने काय सोसलं असेल, हे मी तोवर कधी मनातही आणलं नव्हतं.

गोव्याबाहेरची एकच, सदानंद देशमुखांची 'बारोमास'. विदर्भातला शेतकरी, शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ, शेतात रमू न शकणारी त्याची बायको अलका. आमच्याकडे पाऊस पुरे म्हणायची वेळ येते, तिथे ढगाकडे डोळे लावून बसलेलं अख्खं घर समजून घ्यायला मला पन्नासेक पानं लागली. नंतर मात्र एकनाथच्या घरातली भांडणं आमच्याच ओसरीवरची वाटू लागली. पैसा आटला की बोलणी कशी धारदार होतात, ते मामाच्या घरी पाहिलंय.

तुम्ही यातली एकच घेणार असाल तर 'अच्छेव' घ्या. कोंकणी देवनागरीतच आहे. पहिली दहा पानं अडखळाल, मग कान लागतो. माझी प्रत सध्या मामाकडे आहे. तो रोज थोडी वाचतो आणि रात्री फोन करून पंढरीबद्दल बोलतो, जणू तो शेजारच्या वाड्यावर राहतो.