निकाल लागला, पण हुकूमनामा हातात आहे का?

प्रश्न: 2011 मध्ये दिवाणी न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. माझ्याकडे फक्त झेरॉक्स उरली आहे, तिचंही पहिलं पान नाही. वकीलसाहेब हयात नाहीत. पासपोर्टवरून पतीचं नाव काढायचं आहे. आता आमच्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय झालंय. तिथे जाऊ का?

उत्तर: आधी जुन्या न्यायालयात जा. कौटुंबिक न्यायालय सुरू झालं की चालू असलेली प्रकरणं तिकडे वर्ग होतात. निकाली निघालेल्यांची फाइल बहुधा जुन्याच रेकॉर्ड रूममध्ये असते.

फाइल शोधायला नंबर लागतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून पाहा. वर्ष निकालाचं नव्हे, याचिका दाखल झाल्याचं टाकायचं. तेव्हा संमतीच्या प्रकरणात सहा महिने थांबावं लागायचं, म्हणून 2010 सुद्धा तपासा. बरेच जण इथेच चुकतात. तिथे काही मिळालं नाही तर झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर न्यायाधीशांच्या सहीजवळची तारीख पाहा. ती तारीख आणि दोघांची याचिकेतली नावं दिलीत, तर कर्मचारी नोंदवहीतून नंबर काढू शकतात.

मग नक्कल विभागात अर्ज करा. ‘घटस्फोटाचे कागद द्या’ असं मोघम लिहू नका. निकालपत्र, हुकूमनामा आणि तडजोडीच्या अटी अशी तिन्ही नावं लिहा. निकालपत्रात कारणं असतात, तर विवाह संपुष्टात आल्याचा औपचारिक आदेश म्हणजे हुकूमनामा. फक्त निकालपत्र घेऊन गेलेल्यांना पुन्हा फेरी पडते. पोटगी, घर, मुलांचा ताबा यांचं काय ठरलं ते अटींमध्ये असतं, त्यामुळे तो कागद सोडू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23(4) प्रमाणे हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. ती तेव्हा मिळाली नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. जादा प्रतींना शुल्क पडतं, तरी दोन घ्याच.

नक्कल हातात पडली की खिडकीवरच नावाचं स्पेलिंग तपासा. चूक नक्कल करणाऱ्याची असेल तर तिथेच दुरुस्त होते. मूळ हुकूमनाम्यातच असेल, तर त्याच न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करावा लागतो. लेखनातली चूक कधीही दुरुस्त करता येते, इतकी वर्षं झाली म्हणून घाबरू नका.

प्रश्न: मुलीसाठी आलेलं स्थळ घटस्फोटित आहे. कागद खरे आहेत का, हे आम्ही न्यायालयातून काढू शकतो का?

उत्तर: तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नाही, त्यामुळे तुम्हाला सहजासहजी नक्कल मिळणार नाही. मुलाकडूनच हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. त्यात कसला संकोच नको, प्रश्न मुलीच्या आयुष्याचा आहे. प्रतीवरचा नंबर ई-कोर्ट्सवर घालून प्रकरण ‘निकाली’ दिसतं का, तारीख जुळते का, ते पाहा.

हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे समोरचा पक्ष हजर नसताना दिलेला असेल तर जास्त सावध राहा. समन्स नीट बजावलं नव्हतं असं सांगून पहिली पत्नी तो रद्द करून मागू शकते, आणि मुदत तिला निकाल कळल्यापासून 30 दिवस धरली जाते. प्रकरण लढवून निकाल लागला असेल तर अपिलाची 90 दिवसांची मुदत संपली का आणि अपील दाखल झालं का, हे वकिलाकडून तपासून घ्या. अपील चालू असताना लग्नाची तारीख धरू नका.